आठवड्यातून किती दिवस वजनं उचलावीत? ताकद, स्नायू आणि सेटचा हिशोब

पायवाट

ठाणे असो की नाशिक, जिममध्ये शिरलं की भिंतीवर बहुधा एकच तक्ता दिसतो. सोमवारी छाती, मंगळवारी पाठ, बुधवारी खांदे, गुरुवारी बायसेप-ट्रायसेप, शुक्रवारी पाय, शनिवारी पोट. नवीन माणूस जिम लावतो, वर्षाची फी एकदम भरतो आणि या तक्त्याला जुंपला जातो. मग एखाद्या शुक्रवारी ऑफिसात अडकला की त्या आठवड्यात पाय राहिले. पुढच्या शुक्रवारी कोणाचं तरी लग्न निघतं. अख्ख्या महिन्यात मांड्यांना दोनदाच काम मिळतं, आणि चार महिन्यांनी तो म्हणतो, "मला काही फरक पडत नाही."

म्हणून हा धागा. प्रत्येक स्नायूला आठवड्यातून एकदा काम द्यावं, दोनदा की तीनदा? ताकदीसाठी उत्तर वेगळं आहे का, आणि आकारासाठी वेगळं? या विषयावर गेल्या पंचवीस-तीस वर्षांत बरंच संशोधन झालंय, पण ते जिमच्या भिंतीपर्यंत पोचलेलं दिसत नाही.

आधी शरीरात काय घडतं ते पाहू. वजनं उचलल्यावर स्नायूत नवीन प्रथिनं बनण्याचा वेग वाढतो. १९९५ मध्ये मॅकडूगल आणि सहकाऱ्यांनी तो मोजला. व्यायामानंतर चार तासांनी वेग साधारण ५० टक्क्यांनी वाढलेला, २४ तासांनी १०९ टक्क्यांनी, आणि ३६ तासांनी जवळपास मूळ पातळीवर. १९९७ मध्ये स्टुअर्ट फिलिप्स यांच्या प्रयोगात ४८ तासांनंतरही ३४ टक्के वाढ शिल्लक होती. थोडक्यात, सोमवारी छाती केली तर मंगळवार-बुधवारपर्यंत बांधकाम चालतं, आणि पुढच्या सोमवारपर्यंत त्या स्नायूला नवीन सांगावा येत नाही.

यावरून कोणालाही वाटेल की आठवड्यातून तीनदा केलं की तिप्पट फायदा. प्रत्यक्षात मोजल्यावर चित्र तसं निघालं नाही, आणि मला हा विषय आवडतो तो इथेच. २०१६ मध्ये ब्रॅड शोनफेल्ड आणि सहकाऱ्यांनी तोवरचे प्रयोग एकत्र केले, तेव्हा आकारवाढीसाठी आठवड्यातून दोनदा हे एकदापेक्षा सरस ठरलं. त्याच मंडळींनी २०१९ मध्ये २५ प्रयोग घेऊन पुन्हा हिशोब मांडला. या वेळी आठवड्याचे एकूण सेट (न थांबता केलेल्या रेप्सची, म्हणजे आवर्तनांची, एक फेरी म्हणजे एक सेट) दोन्ही गटांत सारखे असतील तर एकदा, दोनदा की तीनदा याने जवळपास काहीच फरक पडत नाही, असं दिसलं.

मग खरं काम कोण करतं? सेट. एका स्नायूला आठवड्याला एकूण किती कसून केलेले सेट मिळाले, हा आकडा दिवसांच्या आकड्यापेक्षा जास्त बोलतो. २०१७ च्या एका एकत्रित अभ्यासात आठवड्याला पाचपेक्षा कमी सेट करणाऱ्यांचे स्नायू सरासरी ५.४ टक्के वाढले, पाच ते नऊवाल्यांचे ६.६ टक्के आणि दहा किंवा जास्त करणाऱ्यांचे ९.८ टक्के.

माझं मत असं की दिवस म्हणजे हे सेट वाटून घ्यायची सोय. पण ती सोय साधी समजू नका. सोमवारच्या छातीचं उदाहरण घ्या. बेंच प्रेसचे चार सेट, इन्क्लाइनचे चार, डंबेल फ्लायचे चार आणि शेवटी केबलचे चार. सोळा सेट. पहिल्या सेटला ६० किलोचे दहा रेप्स छान निघतात, खांदे मागे खेचलेले, पाय जमिनीला घट्ट. चौथ्या सेटला तेच वजन सातवर अडतं. इन्क्लाइनला पट्ट्या कमी कराव्या लागतात. बाराव्या सेटपर्यंत कोपरं बाहेर पसरायला लागतात, आणि केबलपाशी पोचेपर्यंत पिन वर वर सरकत सर्वांत हलक्या पट्टीजवळ आलेली असते. कागदावर सोळा सेट, पण त्यातले शेवटचे पाच-सहा नावापुरतेच. हेच सोळा सेट सोमवारी आठ आणि गुरुवारी आठ केले, तर गुरुवारचा पहिला सेट पुन्हा ६० किलोचा, ताज्या दमाचा. सेट तेवढेच, उचललेलं वजन मात्र जास्त.

ताकदीचं गणित थोडं निराळं आहे. ग्रगिच आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये २२ अभ्यास एकत्र केले. आठवड्यातून एकदा करणाऱ्यांत परिणामाचा आकडा (जितका मोठा तितकी ताकदवाढ जास्त) ०.७४ होता, दोनदा ०.८२, तीनदा ०.९३ आणि चार किंवा जास्त वेळा १.०८. चढती भाजणी आहे. एकूण काम सारखं ठेवल्यावर मात्र हा फरकही ठळक राहिला नाही. त्यानंतर पेलँड आणि सहकाऱ्यांनी ६७ अभ्यास आणि २०५८ लोकांची माहिती घेऊन मोठा आढावा घेतला. त्यात आकारवाढीवर दिवसांचा परिणाम नगण्य दिसला, पण ताकदीवर दिसला, आणि तोही दिवस वाढतील तसा घटत जाणारा.

ताकद ही अर्धी स्नायूची आणि अर्धी मेंदूची असते, त्यामुळे मला हे पटतं. स्क्वॉटमध्ये, म्हणजे खांद्यावर बार घेऊन मारलेल्या बैठकेत, कोणत्या क्षणी कंबर घट्ट धरायची, बार कुठल्या रेषेत वर न्यायचा, हे मज्जासंस्थेला शिकावं लागतं. तबल्याचा रियाज रविवारी सलग पाच तास केला आणि बाकी सहा दिवस हात लावला नाही, तर बोल बसतील का? तसंच आहे हे.

तुमचे अनुभव आणि शंका लिहा. वेगळं मत असेल तर आवर्जून लिहा.

निळाशार

उत्तम धागा. वाचनखूण साठवली आहे.

तांबडीमाती

पायवाट, लेख आवडला, पण मी कोल्हापूरकडचा, तालमीत वाढलेला. आमच्याकडे पोरं पहाटे उठून लढतीला उभी राहतात आणि संध्याकाळी पुन्हा मेहनत. जोर, बैठका, दोर चढणं, मुदगल. तालमीतालमीत क्रम बदलतो, पण आठवड्याचे सहा दिवस, दिवसातून दोनदा हे ठरलेलं. वस्तादांना कोणी सांगितलं की मांड्यांना दोन दिवस विश्रांती द्या, तर ते ऐकून घेणार नाहीत. आणि त्या पोरांच्या मांड्या-माना तुम्ही बघितल्या असतील. खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीला कांस्यपदक आणलं, ते असल्याच मेहनतीवर. मग रोजचा व्यायाम जास्त होतो असं कसं म्हणायचं?

पायवाट

@तांबडीमाती, रोज करू नये असं मी कुठेच म्हणत नाहीये. सेट सारखे असतील तर रोज करणाऱ्याचं नुकसान होत नाही, हेच तर अभ्यास सांगतात. तालमीच्या पद्धतीत मला तीन गोष्टी दिसतात.

एक तर जोर आणि बैठका अंगच्या वजनाच्या. शंभर बैठका मारणाऱ्या गड्यासाठी एकेक बैठक त्याच्या ताकदीच्या मानाने हलकी असते, म्हणून उद्या पुन्हा करता येते. त्याच पोराला त्याच्या कमाल क्षमतेच्या नव्वद टक्के वजनाचा स्क्वॉट रोज, तोही दम संपेपर्यंत, करायला लावला तर आठवड्याभरात गुडघे बोलायला लागतील. दुसरं, शरीर सवयीने कणखर होतं. त्याच कामाची दुसरी-तिसरी वेळ आली की स्नायूंची झीज आणि दुखणं झपाट्याने कमी होतं. तालमीतला पोरगा तेरा-चौदाव्या वर्षापासून हळूहळू चढत आलेला असतो. आणि तिसरं, सर्वांत महत्त्वाचं, त्याचा दिवसच त्यासाठी असतो. दुपारची झोप, दूध, बदाम, तूप, डोक्याला दुसरा ताप नाही. पुण्यात हिंजवडीच्या वाहतुकीत दोन तास घालवून रात्री बारापर्यंत कॉलवर बसणाऱ्या माणसाने तो क्रम उचलला तर मेहनत पैलवानाची आणि झोप त्याची स्वतःची, असा मेळ बसणार नाही.

तांबडीमाती

झोपेचं बोललात ते शंभर टक्के खरं. आमच्याकडे दुपारी तालमीत टाचणी पडली तरी ऐकू येते. नवीन पोराला वस्ताद पहिले काही महिने माती खणायला आणि मोजके जोर मारायला लावतात, लढतीला सोडत नाहीत. तेव्हा हळूहळू चढवायचं तुमचं म्हणणं तालमीलाही मान्य आहे.

कट्ट्यावरचा

माझा प्रश्न सरळ आहे. आमच्या जिमचा ट्रेनर म्हणतो, स्नायू दुखत असेल तोवर हात लावायचा नाही, एक बॉडी पार्ट आठवड्यातून एकदाच. त्याची स्वतःची बॉडी जबरदस्त आहे, जिल्हा पातळीला स्टेजवर गेलाय. त्याचं ऐकू की अभ्यासांचं?

बार्बेल

@कट्ट्यावरचा, मी पॉवरलिफ्टिंग (जास्तीत जास्त वजन उचलण्याचा खेळ) करतो, स्टेजचा अनुभव नाही, पण यात दोन गोष्टी लोक हमखास विसरतात.

तुमच्या ट्रेनरचे ट्रायसेप आठवड्यातून एकदाच काम करतात असं तुम्हाला वाटतं का? सोमवारी बेंच प्रेस करताना ट्रायसेप राबतात. बुधवारी शोल्डर प्रेसमध्ये पुन्हा राबतात. गुरुवारी त्यांचा स्वतःचा दिवस. झालं की तीनदा! पाठीच्या दिवशी रो आणि पुलडाउनमध्ये बायसेप घाम गाळतात. पायवाट यांनी सांगितलेल्या पेलँड यांच्या आढाव्यात असल्या अप्रत्यक्ष सेटला अर्धा सेट धरलाय, आणि तो हिशोब निकालांशी चांगला जुळला. म्हणजे एकदाच करायच्या तक्त्यातसुद्धा हातांना आपसूक जास्त फेऱ्या मिळतात. मांड्या आणि पोटऱ्या मात्र खरोखरच एकदाच भेटतात. जिममध्ये दंड मोठे आणि पाय काडीसारखे दिसणारे इतके लोक का असतात, याचं बरंचसं उत्तर यात आहे.

आता दुखण्याबद्दल. व्यायामानंतरचं दुखणं साधारण २४ ते ७२ तासांत शिगेला पोचतं आणि ओसरतं. ते किती दुखलं यावरून स्नायू किती वाढला हे कळत नाही. नवीन व्यायाम केला की जास्त दुखतं, सवय झाली की कमी, आणि वाढ मात्र सवयीनंतरच खरी सुरू होते. हलकं ठणकत असेल तर वॉर्मअप करून पाहा, बहुतेक वेळा पहिल्या दोन सेटमध्ये मोकळं होतं. जिना उतरताना कठड्याला धरावं लागत असेल तर त्या दिवशी पाय सोडून द्या. आणि दर आठवड्याला असंच होत असेल, तर एका दिवसात फार सेट कोंबताय.

कट्ट्यावरचा

कठड्याला धरून उतरतो दर शनिवारी. कळलं.

बार्बेल

आता ताकदीबद्दल माझ्याकडून थोडी भर. नॉर्वेमध्ये पॉवरलिफ्टरांवर एक प्रयोग झाला होता. आठवड्याचं एकूण काम तेवढंच ठेवून एका गटाने ते तीन दिवसांत केलं आणि दुसऱ्याने सहा दिवसांत. सहा दिवसवाल्यांची प्रगती जास्त झाली. आमच्या वर्तुळात तो फार गाजला, पण तो पूर्ण शोधनिबंध म्हणून रीतसर छापून आला नाही, हे त्याचा दाखला देणारे सांगत नाहीत. २०१८ मध्ये कोल्हून आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत तसाच प्रयोग केला. आधीपासून व्यायाम करणारे २८ पुरुष, तीन दिवस विरुद्ध सहा दिवस, सहा आठवडे, काम सारखं. दोन्ही गटांची ताकद सारखीच वाढली.

उलट टोकाचा प्रयोगही आहे. २००० साली मॅक्लेस्टर यांनी अनुभवी लोकांना घेतलं. एका गटाने प्रत्येक व्यायामाचे तीन सेट एकाच दिवशी केले, दुसऱ्याने रोज एक सेट असे तीन दिवस. १२ आठवड्यांनी पहिल्या गटाची ताकदवाढ दुसऱ्याच्या साधारण ६२ टक्के भरली. तेव्हा एकवरून दोन-तीनवर जाण्यात खरा लाभ आहे. तीनवरून सहावर जाण्यात तो नक्की आहे असं छातीठोक सांगता येत नाही.

आणि सगळ्या लिफ्टना एक माप लावू नका. माझ्या अनुभवात बेंच आठवड्यातून तीन-चारदा चालते, छाती आणि हात पटकन सावरतात. स्क्वॉट दोनदा ते तीनदा, त्यातला एक दिवस जड, एक हलका. जड डेडलिफ्ट, म्हणजे जमिनीवरचा बार उचलून सरळ उभं राहणं, मात्र एकदाच. फार तर दुसऱ्या दिवशी हलकी रोमानियन डेडलिफ्ट. जड डेडलिफ्टनंतर कंबर अशी धरते की तिचा परिणाम दोन दिवसांनी स्क्वॉटवर दिसतो.

मृण्मयी७

मी ५१ वर्षांची. रोज विरार ते चर्चगेट जाते-येते. गेल्या वर्षी हाडांच्या तपासणीत ऑस्टिओपेनिया, म्हणजे हाडांची घनता कमी, निघाला, डॉक्टरांनी सांगितलं वजनं उचला. सोसायटीत छोटी जिम आहे, पण सोमवार ते शुक्रवार घरी पोचेपर्यंत साडेआठ होतात, मग स्वयंपाक. शनिवार-रविवार एवढेच मोकळे. सलग दोन दिवस केलं तर चालेल का? सगळीकडे एक दिवस सोडून करा असंच वाचते आणि मग काहीच होत नाही. आणि दोनच दिवसांचा हाडांना उपयोग होतो का, की वेळ वाया?

सुखदा_फिजिओ

मृण्मयीताई, तुमचा प्रश्न माझ्या कामातला, म्हणून सविस्तर लिहिते.

दोन दिवसांचा उपयोग होतो, आणि चांगला होतो. ऑस्ट्रेलियात लिफ्टमोर नावाचा प्रयोग झाला, २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. रजोनिवृत्तीनंतरच्या, हाडांची घनता कमी असलेल्या स्त्रिया. आठवड्यातून दोनदा, प्रत्येक वेळी जेमतेम अर्धा तास, आठ महिने. डेडलिफ्ट, स्क्वॉट आणि डोक्यावरचा प्रेस, पाच रेप्सचे पाच सेट, क्षमतेच्या ८० ते ८५ टक्क्यांहून जड वजन, आणि बारला लटकून खाली उडी. त्या गटाची कंबरेच्या मणक्यांची घनता सरासरी २.९ टक्के वाढली. घरी हलका व्यायाम करणाऱ्या गटाची १.२ टक्के घटली. स्त्रियांनी गुलाबी डंबेल घेऊन वीस-पंचवीस रेप्स करावेत हा जो समज आहे ना, त्याने हाडांना फारसं काही मिळत नाही. मात्र तो प्रयोग तज्ज्ञांच्या नजरेखाली झाला होता आणि जड वजनापर्यंत त्या पायरीपायरीने गेल्या होत्या. तुम्ही सुरुवातीचे काही आठवडे रिकाम्या काठीने हालचाल बसवा, कंबरेतून वाकणं शिकवणारी व्यक्ती शोधा आणि मगच वजन चढवा. आधी फ्रॅक्चर झालं असेल किंवा रक्तदाब आटोक्यात नसेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जड उचलू नका.

सलग दिवसांबद्दल. २०१८ मध्येच तरुण पुरुषांवर एक प्रयोग छापून आला. एका गटाने सलग तीन दिवस संपूर्ण अंगाचा व्यायाम केला, दुसऱ्याने एक दिवस सोडून तीन दिवस. १२ आठवड्यांनी ताकद दोन्ही गटांत सारखीच वाढली. ते तरुण होते, त्यामुळे तसंच्या तसं तुम्हाला लागू करत नाही. पण एक दिवस सोडून जमत नाही म्हणून काहीच न करणं, हे सलग करण्यापेक्षा कितीतरी वाईट. मी माझ्या रुग्णांना असं सांगते की शनिवारी पायांचं जड काम ठेवा, रविवारी हात-पाठ-खांदे प्रमुख आणि पाय हलके. म्हणजे दोन दिवस लागून आले तरी तोच सांधा दोनदा ताणला जात नाही.

स्नायू लवकर सावरतो, पण स्नायू हाडाला जोडणारी दोरी, म्हणजे टेंडन, हळू बदलते. माझ्याकडे खांदा, कोपर आणि गुडघ्याखालचं दुखणं घेऊन येणारे बहुतेक जण उत्साहात दिवसही वाढवतात, सेटही आणि वजनही, तिन्ही एकाच महिन्यात. एका वेळी एकच वाढवा.

मृण्मयी७

सुखदाताई, मनापासून आभार. फ्रॅक्चर नाही, रक्तदाब ठीक आहे. बुधवारी घरी पंधरा-वीस मिनिटं काढली तर त्याचा काही फायदा? की उगाच?

सुखदा_फिजिओ

नक्की फायदा. बुधवारी खुर्चीवरून हात न टेकवता उठणं-बसणं, भिंतीवर किंवा ओट्यावर हात टेकून जोर, आणि टाचा उचलणं. खुर्चीचं सोपं वाटायला लागलं की छातीशी पाच किलो तांदळाची पिशवी धरा. एका पायावर तोल सांभाळण्याचाही सराव करा, कारण हाडं वाचवायची तर पडणं टाळणं हाही त्याचाच भाग. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनात सर्व प्रौढांना आठवड्यातून निदान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम सांगितलाय, आणि ६५ नंतर तोल व ताकद दोन्हींचा मिळून तीन दिवस.

घरात ज्येष्ठ मंडळी असतील त्यांच्यासाठीही सांगते. १९९० मध्ये मारिया फियातारोन यांनी बॉस्टनमध्ये नव्वदीतल्या, वृद्धाश्रमात राहणाऱ्या दहा जणांना आठवड्यातून तीनदा मांडीचा जड व्यायाम दिला. आठ आठवडे. ज्या नऊ जणांनी तो पूर्ण केला त्यांची ताकद सरासरी १७४ टक्के वाढली, मांडीचा स्नायू ९ टक्के. "या वयात आता काय" असं आपण आजी-आजोबांना म्हणतो तेव्हा हा आकडा आठवावा असं मला फार वाटतं.

राईनकाठी

जर्मनीहून लिहितोय. दिवाळीला किंवा गणपतीत गावी येतो तेव्हा तीन-चार आठवडे, कधी जास्तही, जिम मिळत नाही. परत गेल्यावर सगळं पहिल्यापासून सुरू करावं लागणार या विचाराने सुट्टीभर चुटपुट लागते. कमीत कमी किती केलं तर कमावलेलं टिकतं?

पायवाट

@राईनकाठी, यावर अतिशय दिलासा देणारा अभ्यास आहे. २०११ चा, बिकल आणि सहकाऱ्यांचा. आधी १६ आठवडे आठवड्यातून तीनदा व्यायाम. मग तब्बल ३२ आठवडे एका गटाने काम एक तृतीयांश केलं, म्हणजे आठवड्यातून एकच दिवस आणि तीन सेट. दुसऱ्या गटाने एक नवमांश, एक दिवस आणि एकच सेट. २० ते ३५ वयाच्या लोकांनी कमावलेला आकार एवढ्यावरही टिकवला. ६० ते ७५ वयाच्या लोकांची ताकद बऱ्यापैकी टिकली, पण आकार टिकवायला एवढं पुरलं नाही. अट एकच, वजन हलकं करायचं नाही.

गावी बारबेल नसणार, पण आठवड्यातून एकदा पाठीवर सॅक भरून एका पायाचे स्क्वॉट, जोर आणि कुठे भक्कम आडवी फांदी किंवा तुळई मिळाली तर पुलअप, दम लागेपर्यंत. तीन-चार आठवड्यांना एवढं भरपूर आहे. फराळ निर्धास्त खा.

राईनकाठी

वाडीत आंब्याची फांदी आहे. ठरलं.

निळाशार

जेवणाचा उल्लेख कोणीच केला नाही म्हणून लिहिते. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०२० च्या शिफारशीत प्रौढांना रोज वजनाच्या किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं सांगितली आहेत. वजनं उचलून स्नायू वाढवायचे असतील तर २०१८ च्या एका मोठ्या आढाव्यात लाभ साधारण १.६ ग्रॅमपर्यंत वाढताना दिसला. ६० किलोच्या माणसाला पहिल्या हिशोबाने ५० ग्रॅम, दुसऱ्याने ९६. वरण-भात, भाजी, पोळी यात ९६ ग्रॅम होत नाहीत. उसळ, दही, पनीर, सोयाबीन, अंडी, मासे, यातलं रोज काहीतरी मुद्दाम घ्यावं लागतं. मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून.

पायवाट

@निळाशार, अगदी. यावर वेगळा धागा काढाच, शाकाहारी घरातल्या हिशोबासह.

कट्ट्यावरचा

सगळं वाचलं. आता कोणी मला सरळ सांगेल का, तीन दिवस मिळाले तर काय करू? मला स्टेजवर जायचं नाही. शर्ट बाहीत घट्ट बसावा आणि शनिवारी जिना नीट उतरता यावा.

पायवाट

@कट्ट्यावरचा, सोमवार, बुधवार, शुक्रवार धरू. तिन्ही दिवस पूर्ण अंग. प्रत्येक दिवशी पाच हालचाली: पायांसाठी स्क्वॉट किंवा लेग प्रेस, मांडीमागच्या भागासाठी रोमानियन डेडलिफ्ट किंवा लेग कर्ल, ढकलायचं काही, म्हणजे बेंच किंवा शोल्डर प्रेस, ओढायचं काही, म्हणजे रो किंवा पुलडाउन, आणि शेवटी हातांचं एक, आज बायसेप तर परवा ट्रायसेप. प्रत्येकी तीन सेट. पंधरा सेट होतात, दीड-दोन मिनिटांच्या विश्रांतीसह पाऊण-एक तासात उरकतं. मांड्या, छाती-खांदे, पाठ यांना आठवड्याला नऊ-नऊ सेट मिळतात, हातांना त्यांचे स्वतःचे आणि वर बार्बेल यांनी सांगितले ते अर्धे-अर्धे.

सहा ते बारा रेप्समध्ये राहा. आणखी दोनेक रेप्स निघाले असते असं वाटेल तिथे सेट संपवा. बाराही रेप्स तिन्ही सेटमध्ये निघायला लागले की पुढच्या वेळी अडीच किलो वाढवा. वही ठेवा, मोबाइलमध्ये नाही तर कागदावर, कारण मोबाइल हातात आला की विश्रांती पाच मिनिटांची होते.

यात मला सर्वांत मोलाचं वाटतं ते असं की शुक्रवार बुडाला तरी त्या आठवड्यात सगळ्या अंगाला दोनदा काम मिळालेलं असतं. भिंतीवरच्या तक्त्यात एक दिवस बुडाला की एक अख्खा अवयव बुडतो. नोकरी-घर सांभाळणाऱ्यांसाठी हाच मुद्दा माझ्या लेखी निर्णायक आहे. ज्याला सहा दिवस जाणं मनापासून आवडतं आणि जमतं, त्याने सहा दिवस खुशाल जावं, फक्त पायांना त्यातले दोन द्यावेत.

बार्बेल

वरच्या बेताला पूर्ण अनुमोदन. एकच जोडतो. वर्ष-सव्वा वर्षात वजनं वाढली की वॉर्मअपचे सेट वाढतात, विश्रांतीही दीडची तीन मिनिटं होते आणि तोच बेत दीड तासावर जातो.

कट्ट्यावरचा

मग तेव्हा चौथा दिवस कधी धरायचा?

बार्बेल

वही बघून. पहिल्या दोन हालचालींचे आकडे वाढताहेत आणि शेवटच्या दोन महिनाभर जागच्या जागी आहेत, असं दिसलं की समजा दिवस अपुरा पडतोय. तेव्हा दोन दिवस वरचं अंग, दोन दिवस खालचं असं वाटा, सोमवार-मंगळवार आणि गुरुवार-शुक्रवार. पहिल्या महिन्यात एकूण सेट आधीइतकेच ठेवा, फक्त चार दिवसांत पसरा. शरीर नीट सावरतंय, झोप लागतेय, आकडे हलले, मग एकेका स्नायूला आठवड्याला एक-दोन सेट जास्त.